कुत्र्याचा एक क्रोना

मेरेट हेडलुंडने एकदा मनात घेतलं की ते तडीला नेल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही, हे ग्रानोसेनमधल्या पोराटोरांनासुद्धा ठाऊक आहे. पोरांना तर जरा जास्तच, कारण शाळेची बस तीच चालवते. एकदा मागच्या बाकावरच्या एका आडदांड पोराने पट्टा लावायला नकार दिला, तर तिने बस सरळ रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पिशवीतून विणकाम काढलं. मोज्याची टाच विणून व्हायच्या आत पट्टा लागला. तिच्या नवऱ्यानेही ऐन सप्टेंबरात तिला विचारलं होतं, "मी हवा की शिकार?" त्याने विचारायला नको होतं. तो आता ओस्टरसुंडला राहतो, नाताळात कार्ड पाठवतो, आणि दोघांचंही बरं चाललं आहे.

तर या बाईने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ठरवलं की आसारची बंदूक गावाबाहेर जाऊ द्यायची नाही. त्याची ही गोष्ट.

आसार आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या, आणि शिकार म्हणजे मूसची, घोड्याहून उंच अशा थोराड हरणाची. कोण कुठल्या मचाणावर बसणार, हाका कुठून निघणार, कुत्रं कधी सोडायचं, हे वर्षानुवर्षं तोच सांगायचा आणि त्याच्या शब्दापुढे कुणी ब्र काढत नसे. एकोणीस वर्षांची मेरेट मला टोळीत घ्या म्हणून उभी राहिली, तोवर बायकांच्या वाटणीला संध्याकाळचं मांस कापणं आणि कॉफी उकळणं एवढंच असे. पुरुष हसले. टोळीतल्या बोर्येचा बाप म्हणाला, "मूस दिसला की पोरगी किंचाळेल, मूस दचकून मरेल, तेवढीच आपली गोळी वाचेल." आसार हसला नाही. त्याने स्वतःची बंदूक तिच्या हातात दिली आणि आपण रिकाम्या हाताने तिच्यामागे मचाणावर चढून दिवसभर थर्मास मांडीवर घेऊन बसला. त्यानंतर तिला टोळीतून काढायचं नाव कुणी घेतलं नाही. तेव्हापासून तो तिला "पोरी" म्हणतो, अजूनही. आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, म्हणून तीही त्याला नुसतं आसार म्हणते.

ती बंदूक म्हणजे जुनी नऊ-तीन मापाच्या गोळीची रायफल, महायुद्धाच्या आधीची, आठकोनी नळीची आणि अक्रोडाच्या दस्त्याची. कारखान्याने तसल्या मोजक्याच काढल्या म्हणतात. आसारला त्याचं कौतुक नव्हतं. ती त्याच्या बापाने घेतली, त्याने चालवली, आणि रीपा नावाच्या त्याच्या कुत्रीने पिल्लू असताना तिचा दस्ता चावला, एवढाच तिचा इतिहास तो सांगायचा. दातांचे व्रण त्याने कधी घासून काढले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात आसारला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं तुटक झालं, डोकं मात्र होतं तिथेच राहिलं. त्याला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात हलवलं. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं, पोलिसांनी परवाने काढून घेतले, आणि त्याचा मुलगा रिकार्ड गोथेनबर्गहून येऊन, घरी आलेलं पोलिसांचं पत्र खिशात घालून, बंदुकांचं कपाट रिकामं करून गेला. बापाला त्याने सांगितलं, "सांभाळायला दिल्यात." परवाने गेले ते परत येणार नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि सगळं गाव तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं. आम्ही आहोतच तसे. शिकारीला निघालेल्या माणसाचं आम्ही कधी भलं चिंतत नाही, चिंतलं की जनावर फिरकत नाही; "घाण शिकार होवो" म्हणून त्याला वाटेला लावतो. हवंसं बोलायचं नाही, मग नकोसंही बोलायचं नाही, आणि मधलं बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. शिवाय आमच्या उत्तरेकडचं एक खास "हो" आहे. तोंड चिमटून श्वास आत ओढायचा, सुईत दोरा ओवताना ओढतात तसा. या श्वासाचा अर्थ हो, बघू, ऐकलं, कॉफी छान झालीय, विषय पुरे, यातला कुठलाही होतो. आश्रमात आसार प्रत्येकाला म्हणायचा, "पुढच्या... वर्षी... मचाणावर." समोरचा श्वास आत ओढायचा, वेलचीचा पाव संपवायचा आणि डोळे चोरून उठायचा. मेरेटनेही तोच श्वास ओढला होता, एकदा नाही, दर भेटीला.

ऑगस्टात एका सकाळी ती फोनवर लिलावातल्या जुन्या बंदुका चाळत बसली होती. इथले निम्मे लोक नाश्त्याला तेच करतात. एका फोटोवर तिचं बोट थांबलं. आठकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता, आणि दस्त्यावर दात. खाली मजकूर होता: संग्राहकांसाठी दुर्मीळ, दस्त्यावर किरकोळ खुणा.

"किरकोळ," मेरेट मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

तिने रिकार्डला फोन लावला. तो काही वाईट माणूस नव्हे, फक्त लांब राहतो.

"करार झालाय, मेरेट. आता माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "तुला हवी होती तर बोलायचं होतंस. तुलाच दिली असती."

"तू विकतोयस हे सांगितलंस कुठे?"

"तू विचारलंस कुठे?"

दोघंही शेवटी ग्रानोसेनचीच. मेरेटने फोन ठेवला.

त्या दिवशी मेरेटने न्हाणीघराच्या फरशीसाठी बाजूला टाकलेले दहा हजार क्रोना बंदुकीच्या नावावर केले. फरशी फुटलेली होती, ती आणखी वर्षभर फुटलेलीच राहील. कुणा परक्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात ती बंदूक दिव्याखाली टांगली जाणार आणि पाहुणे वाइनचे पेले हातात घेऊन "कसल्या हो या खुणा?" म्हणून विचारणार, या कल्पनेनेच तिचं डोकं फिरत होतं. लिलावात बंदूक जिंकली तरी पोलिसांचा परवाना येईपर्यंत ती दुकानदाराकडेच राहते, पण त्याची तिला चिंता नव्हती. तिच्या नावावर आधीच दोन बंदुका होत्या आणि तिसरीला कुणी नाही म्हणणार नव्हतं.

लिलाव संपण्याचा दिवस मात्र बघण्यासारखा होता. सप्टेंबरचा पहिला सोमवार, दुपारी. लिलाव करणारे दक्षिणेकडचे. त्यांच्याकडे मूसची शिकार ऑक्टोबरात सुरू होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तो नुसता सोमवार. आमच्याकडे ती त्याच सोमवारी सुरू होते; त्या दिवशी शाळेत निम्मे मास्तर नसतात आणि नळ फुटला तर तो मंगळवारपर्यंत गळतो. उत्तरेतला एकही शिकारी त्या दुपारी फोन घेऊन बसलेला नसणार, म्हणजे बोली चढणार नाही, हे मेरेटने तेव्हाच ओळखलं. अडचण एवढीच की ती स्वतःही जंगलात असणार होती. आणि नुसती असणार नव्हती. आसार पडल्यावर टोळीने तिला म्होरकी निवडलं होतं आणि तो तिचा पहिला दिवस होता.

सोमवारी उजाडायच्या सुमाराला बोर्येच्या शेडसमोर सगळे जमले. शेकोटीवर काळी किटली उकळत होती. मेरेटने मचाणं वाटली, हाका कुठून कुठे ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आणखी एक. मचाणावर मोबाइल बंद. गेल्या वर्षी कुणीतरी मूस समोर असताना फुटबॉल बघत होतं. नाव घेत नाही."

"नाव घेतलंस तरी चालेल, आम्ही हरलो होतो," बोर्ये म्हणाला. बोर्ये म्हणजे त्याच बापाचा मुलगा. जीभ वारशाने आलेली, पण मन बापापेक्षा बरं. "आणि तू स्वतः कुठे बसतेयस?"

"वरच्या कड्यावर."

"कड्यावर? तिथे मूस तर सोड, डाससुद्धा जात नाही."

"म्हणूनच मी बसते. चांगली मचाणं तुम्हाला."

"बघा," बोर्ये बाकीच्यांना म्हणाला, "बाई म्होरकी झाली की असं पुण्य पदरात पडतं." मेरेटने कॉफीचा उरलेला गाळ शेकोटीत ओतला. संपूर्ण रानात फोनला रेंज मिळते ती फक्त त्या कड्यावर, हे तिने बोलून दाखवलं नाही.

निघण्यापूर्वी तिने टोळीच्या वॉकी-टॉकी रेडिओचं बटण दाबलं. आसारचा जुना रेडिओ आश्रमात त्याच्या खिडकीत ठेवलेला होता. टेकडीवरून अख्खं रान ऐकू यायचं. "आसार, ऐकतोयस ना? निघतोय आम्ही." पलीकडून जरा वेळाने आवाज आला, "घाण... शिकार." सगळे हसले, आणि हसता हसता दोघातिघांनी नाक पुसलं.

दुपारपर्यंत रानात काही हललं नाही. टोळीतल्या येर्केरचं कुत्रं दलदलीच्या पलीकडे कुठेतरी भुंकलं आणि गप्प झालं. मेरेट मचाणावर बसली होती, बंदूक कठड्याच्या खुंटीला, फोन मांडीवर. स्वतः घातलेला नियम त्याच दिवशी मोडणं तिला पटत नव्हतं, पण म्हणून तिने फोन काही खिशात टाकला नाही. सहा हजारांपर्यंत कुणी जर्मन संग्राहक बरोबर होता, तो गळाला. तिची बोली वर राहिली. वेळ संपत आला होता. आता बंदूक आपलीच, असं तिला वाटलं आणि तेवढ्यात फोनच्या पडद्यावर आकडा हलला.

सहा हजार पाचशे एक.

मेरेटने सात हजार टाकले. या लिलावात शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ दोन मिनिटांनी पुढे सरकतं. घड्याळ सरकलं, आणि पाठोपाठ आलं: सात हजार पाचशे एक.

तो शेवटचा एक तिने पुन्हा वाचला. जगात कोण पाचशेवर एक टाकतं? गावच्या सभागृहात दर वसंतात जुन्या सामानाचा लिलाव होतो. तिथे आसार नेहमी एक क्रोना जास्त बोलायचा. खुर्च्या असोत, दुधाचे कॅन असोत, "दोनशे, आणि एक कुत्र्यासाठी." लोक हसायचे आणि त्या हसण्यात समोरचा बोली विसरायचा. रीपा गेल्याला किती वर्षं झाली, तरी तो एक क्रोना त्याने कधी सोडला नव्हता.

म्हणजे तिच्यासारखंच त्यालाही दिसलं होतं. आश्रमातल्या टॅबलेटवर, डाव्या हाताच्या एका बोटाने, तो आपलीच बंदूक विकत घेत होता. कुणाला बोलला नव्हता. तिने तरी कुणाला सांगितलं होतं?

तिला आधी हसू आलं आणि ते अर्ध्यातच विरलं. तो जिंकला तर काय होणार, हे तिला लख्ख दिसलं. पैसे भरणार, परवान्याचा अर्ज करणार, आणि मग पोलिसांचं पत्र येणार. तू आता बंदूक धरायला लायक नाहीस, हे त्याला पहिल्यांदा कळणार ते ओस्टरसुंडच्या कुठल्या तरी कारकुनाकडून, पाकीट फोडून. आणि बंदूक पुन्हा लिलावात. नाही, जिंकायचं तर तिनेच. त्याच्याविरुद्ध जिंकायचं, आणि त्याला कळू न देता.

आठ हजार. आठ हजार पाचशे एक. नऊ हजार.

तिने आश्रमात फोन लावून पाहिला. कॉफीची वेळ होती. फोन वाजला आणि वाजतच राहिला. तो ठेवते तोच पडद्यावर नऊ हजार पाचशे एक. आणि त्याच वेळी कड्याखाली काटकी मोडली.

मूस झुडपातून बाहेर आला आणि उभा राहिला. चांगला मोठा नर, शिंगं पूर्ण भरलेली, कूस तिच्याकडे. डाससुद्धा न येणाऱ्या कड्यावर तो अगदी बोलावल्यासारखा आला होता. अशी संधी शिकाऱ्याला किती वेळा मिळते ते शिकाऱ्यालाच विचारा. म्होरकीचा पहिला दिवस, बोर्येची जीभ कायमची बंद करणारं जनावर, आणि बंदूक हाताच्या अंतरावर. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मेरेटने एका बोटाने दहा हजार टाकले.

मूसने कान फिरवले. ती दगडासारखी बसली. घड्याळ सरकू लागलं. मूस पाला खाऊ लागला.

दहा हजार पाचशे एक.

तिची पुंजी संपली होती. पुढे टाकायला होतं म्हणा, बँक काही नाही म्हणणार नव्हती. पण तिला माणूस ठाऊक होता. हा कुत्र्याचा एक क्रोना वीस हजारांवरही येणार आणि तीसवरही. आसार थांबणारा नव्हता, जोवर त्याला थांबायचं कारण कुणी देत नव्हतं. आणि त्याच्यापर्यंत पोचायचा एकच मार्ग तिच्या खांद्याला अडकवलेला होता. त्यावर बोललेलं सगळी टोळी ऐकते. त्यावर बोललं की मूसही ऐकतो.

मेरेटने त्या जनावराकडे एकदा नीट बघून घेतलं आणि बटण दाबलं.

"आसार. मेरेट बोलतेय. बोली थांबव."

मूस एका उडीत वळला आणि झाडीत घुसला. फांद्या मोडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"कसली बोली?" बोर्येचा आवाज. "कोण बोलतंय? हाका चालू आहे इथे!"

"बोर्ये, बटण सोड. आसार, समोरची मी आहे. दहा हजारवाली. थांब."

खरखर. मग तो आवाज, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. "माझी... बंदूक."

"ठाऊक आहे."

"पुढच्या... वर्षी... लागेल."

मेरेटने सवयीने श्वास आत ओढला. आणि तिच्या लक्षात आलं की हा श्वास रेडिओवर ऐकू जात नाही. रेडिओवर गेलं ते नुसतं काहीच नाही. पलीकडे म्हातारा उत्तराची वाट बघत होता, आणि मचाणामचाणांवर बसलेले सगळे, ज्यांनी महिनोन् महिने त्याच्यासमोर तोच श्वास ओढला होता, तेही कान देऊन बसले होते. पडद्यावर मिनिटभर उरलं होतं. तिने साडेदहा हजारांवर पाचशे चढवले आणि बटण पुन्हा दाबलं.

"पुढचं वर्ष नाही, आसार. तुझे परवाने काढून घेतलेत, आणि ते परत मिळायचे नाहीत. रिकार्डने बंदूक विकायला काढली कारण ती घरात ठेवता येत नव्हती. तू जिंकलास तरी ती तुला देणार नाहीत, कुणातरी परक्याला देतील. गावात सगळ्यांना माहीत आहे. तुला कुणी सांगितलं नाही. मीही नाही."

तिने बटण सोडलं. पडद्यावरचे आकडे खाली खाली येत गेले आणि शून्य झाले. अकरा हजार. अभिनंदन, तुम्ही जिंकलात, असं हिरव्या अक्षरांत उमटलं, आणि वर रंगीत कागदांचा पाऊसही पडला. मेरेटने फोन उलटा करून फळीवर ठेवला. इतकं ठरवून मिळवलेली गोष्ट हातात आली तर माणसाला काहीतरी वाटायला हवं. तिला मूस गेला त्या झाडीकडे बघावंसंही वाटेना.

रेडिओवर ती त्याला दोनदा हाक मारून बसली. उत्तर आलं नाही. आश्रमाच्या खिडकीतला रेडिओ बंद झाला होता.

संध्याकाळी शेडमध्ये येर्केरने मारलेलं पाडस टांगलं होतं. मेरेट आत आली.

"केवढा होता?" बोर्येने विचारलं.

"मोठा."

"शिंगं?"

"पूर्ण भरलेली."

बोर्येने मान हलवली, एखाद्याच्या घरी माणूस गेल्यासारखी. मग म्हणाला, "मचाणावर मोबाइल बंद, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग आतडी तू धू."

तिने बाह्या वर केल्या आणि धुतली. कुणी मदतीला आलं नाही, आणि कुणी थट्टाही केली नाही. सगळं आवरल्यावर बोर्ये तिच्या शेजारी हात धुवायला उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्यापैकी कुणालाच जमलं नसतं ते." मग त्याला बहुधा स्वतःचीच लाज वाटली, कारण तो साबण न लावताच निघून गेला.

आसार बोलेना. सगळ्यांशीच जेमतेम, तिच्याशी मुळीच नाही. मेरेट रोज बस लावली की आश्रमात जायची, त्याच्यासमोर बसायची, कॉफी प्यायची आणि आज कुणी काय मारलं ते सांगायची. तो खिडकीबाहेर बघायचा. आमचा तो आत ओढलेला श्वाससुद्धा त्याने तिला दिला नाही. तिथली सेलाम नावाची मुलगी, जी एरिट्रियाहून येऊन आता आमच्यापेक्षा जास्त आमच्यासारखी बोलते, एकदा तिला दारात म्हणाली, "तू कशाला येतेस गं? तो तुझ्याकडे बघतही नाही."

"न बघू दे. मी बघते ना."

"क्षमा तरी मागून टाक."

"कशाची? खोटं बोलले असते तर मागितली असती."

हे ती ठणकावून बोलायची, पण घरी आल्यावर जेवण तसंच पुढ्यात राहायचं. आसारने तिला माणसांत बसवलं होतं आणि तिने त्याला सगळ्यांच्या देखत उठवलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बोललेलं खरं होतं आणि बोलायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. दोन खरी मिळून माणसाचं समाधान होतंच असं नाही. तरी तिने जाणं सोडलं नाही. घेतला वसा टाकायचा तिचा स्वभाव नव्हता.

परवाना आला तोवर रस्त्यांवर बर्फ होतं. ओस्टरसुंडच्या दुकानदाराकडून बंदूक घेऊन ती सरळ आश्रमाच्या अंगणात आली. आत बंदूक न्यायला मनाई, तेव्हा तिने सेलामला निरोप पाठवला की मी गाडीपाशी उभी आहे, त्याला यायचं असेल तर येईल. ती उभी राहिली. पावलं गारठून बधिर झाली तरी उभी राहिली. शेवटी दार उघडलं आणि सेलामने त्याची चाकाची खुर्ची बाहेर आणली. घोंगडी गुडघ्यांवर, कानटोपी भुवयांपर्यंत, चेहरा तसाच बंद.

मेरेटने गोळ्या नाहीत ना ते त्याच्यासमोर उघडून दाखवलं आणि बंदूक त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. त्याने डाव्या हाताने नळीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"तेल... जास्त."

"दुकानदाराने घातलंय."

"पूस."

"पुसते."

मग त्याने डावा तळहात उघडून तिच्यासमोर धरला आणि तो हळूहळू उजवीकडे सरकवला.

"उजवी... कडे. धर."

"म्हणजे?"

"डावीकडे... मारते. दलदलीच्या... त्या टोकाइतकं... लांब असेल तर. तळहातभर." त्याला दम लागला. "बाबांच्या... वेळेपासून."

दलदलीच्या कडेला एक देवदारासारखं फरचं झाड आहे. एकोणिसाव्या वर्षी याच बंदुकीतून मारलेली तिची पहिली गोळी मूसला न लागता त्या झाडात घुसली, डावीकडे, तळहातभर. त्या झाडाला टोळी आजतागायत "मेरेटचा मूस" म्हणते, बोर्ये तर जाता-येता त्याला टोपी काढून नमस्कार करतो. त्या रात्री ती रडली होती, आणि मग सगळा हिवाळा खाणीच्या मागे पाट्यांवर गोळ्या झाडून झाडून खांदा काळानिळा करून घेतला होता.

"तू मागेच बसला होतास," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "थर्मास घेऊन, माझ्या पाठीला लागून. तेव्हा का नाही सांगितलंस?"

आसारने बंदूक एका हाताने उचलायचा प्रयत्न केला, ती जेमतेम हलली, आणि त्याने ती तिच्याकडे सरकवली.

"तेव्हा ती माझी होती, पोरी," तो म्हणाला.